दुकानातला नंबर

आमच्या केंद्राची सुधारणा झाली तेव्हा सगळ्यात आधी पडदे आले. मग मऊ खुर्ची, मग भिंतीवर डोंगराचं चित्र. डोंगर उतरून आलेल्या बाईला डोंगराचंच चित्र दाखवायची अक्कल कुणाची, देव जाणे. गुन्ह्याला बळी पडलेल्या आदिवासी माणसांना आधार मिळावा म्हणून हे केंद्र काढलंय, आणि वरच्या वस्त्यांची भाषा येणारी इथे मी एकटी. बाकीच्यांना सहानुभूती येते.

माझं काम दुभाष्याचं. बाई बोलेल ते साहेबांना सांगायचं, साहेब बोलतील ते बाईला. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. एकोणीस वर्षं मी हे इमानाने केलं.

सुधारणेत फॉर्मही नवा आला, कॉम्प्युटरवरचा. त्यात संपर्काचा नंबर टाकल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. पूर्वी आम्ही तिथे आडवी रेघ मारून मोकळे व्हायचो. वर फोन लागतो तो फक्त दुकानात. कुणाचा निरोप आला की दुकानदार पायरीवर उभा राहून हाक मारतो आणि एकाचा निरोप सगळ्या वस्तीला कळतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या बायकांचं काय? म्हणून मी रकान्यात माझाच नंबर घालायला लागले. अकरा बायकांचा नंबर एकच, हे कॉम्प्युटरने पकडलं. मोठ्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, तुमची भावना कळते हो, पण पुन्हा असं दिसलं तर तुमचा करार वाढवताना मला विचार करावा लागेल."

मी मान डोलावली. करार दोन महिन्यांनी संपत होता.

त्याच आठवड्यात शिवणवाली आली. आमच्या वस्तीत शिलाई मशीन एकच, ते तिचं. जेमतेम पंचविशीची, एरवी तोंडाने फटकळ. माझ्या मापांवरून तिने मला किती छळलंय! त्या दिवशी मात्र मऊ खुर्चीच्या अगदी कडेला बसली. लाकडाच्या गोदामात मुकादमाने तिला गाठलं होतं. तिने सगळं क्रमाने सांगितलं, कापड बेतावं तसं. सांगता सांगता आवाज फुटला तो माझाच.

"मावशी, रडू नकोस, टाके चुकतील," ती म्हणाली. तेही मी साहेबांना सांगितलं. गाळायचं नसतं ना.

बुधवारी न्यायाधीशांसमोर तिचा जबाब ठरला. तिची मागणी एकच होती, तोवर वर कुणाला कळता कामा नये. दुकानदार मुकादमाचा सख्खा मेहुणा.

"बुधवारपर्यंत सांभाळा. एकदा जबाब झाला की मी कुणाच्या बापाला भीत नाही."

मग तो रकाना आला. "नंबर?" साहेबांनी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. माझा नंबर माझ्या जिभेवर होता. मी दुकानाचा सांगितला. खालच्या शेऱ्यात 'या नंबरवर फोन करू नये' असं लिहून घेतलं आणि माझा जीव भांड्यात पडला. स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू.

सुधारणेतली आणखी एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. मुख्यालयातली एक गोड आवाजाची मुलगी आता प्रत्येक बाईला फोन करून विचारपूस करणार होती. तिच्यासमोर नाव येतं, नंबर येतो, शेरा येत नाही. सोमवारी तिने दुकानात फोन लावला. केंद्रातून बोलतेय म्हणाली, बुधवारच्या जबाबाची आठवण करून द्यायची होती म्हणाली. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखा पायरीवर आला. हाक मात्र त्याने मुकादमाला मारली.

मंगळवारी वस्तीवरून बाजाराला खाली उतरलेल्या माझ्या बहिणीने मला कळवलं. शिवणवालीचं मशीन ओढ्यात पडलं होतं आणि तिच्या भावानेच तिला घरात कोंडलं होतं. मी धावत साहेबांकडे गेले, गाडी पाठवा म्हणाले. साहेब खरंच हळहळले. पण गाडीसाठी अर्ज तीन दिवस आधी लागतो. मी तिथेच त्यांना नको नको ते बोलले. त्याने काय होणार होतं?

बुधवारी ती आली. भाऊ काचेच्या दाराबाहेर थांबला. त्याला ऐकू येत नव्हतं, दिसत सगळं होतं. ती खुर्चीत पाठ टेकून बसली, जणू घाई संपली.

"तक्रार मागे घ्यायचीय," ती म्हणाली. मी सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "कुणी दबाव आणलाय का, विचारा. इथे ती सुरक्षित आहे म्हणावं."

मी विचारलं. ती नाही म्हणाली.

"मग कारण काय? कारणाचा रकाना मोकळा ठेवता येत नाही हो."

मी आमच्या भाषेत तिला विचारलं, कारण काय सांगू?

तिने दाराकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, तू तुझा नंबर का नाही दिलास गं?"

आवाज चढवला नाही तिने. माप विचारावं तसं विचारलं. मला लाजेने मेल्यासारखं झालं.

"काय म्हणाली?" साहेबांची बोटं कीबोर्डवर थांबली होती.

"गोदामात पाय घसरून पडले होते, म्हणते," मी सांगितलं.

साहेबांनी टाइप केलं. पान पुढे सरकलं.