तिसरं माणूस

एसी घेताना लोकांना उगीच मोठा हवा असतो. मी आधी खोली मोजतो, ऊन कुठून येतं ते बघतो आणि मग विचारतो, "आत झोपणार किती जण?" माणूसही गरमी सोडतं, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

त्या घरात नवरा म्हणाला, "दोघं." त्याच वेळी बायको म्हणाली, "तिघं."

"अहो, आधी आपसात ठरवा!" मी थट्टा केली. कोणी हसलं नाही. नवऱ्याने मला बाहेर नेलं. त्यांची लहान मुलगी गेल्या वर्षी वारली होती.

"ही अजून तिला धरूनच मोजते. तुम्ही दोघंच धरा, दादा. हे कुठेतरी थांबायला हवं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली अगदी काठावरची होती. दोघांना एक टन पुरेल, तिसरं माणूस आलं की कमी पडेल. मी एक टनाचा बसवला.

थोड्याच दिवसांत नवऱ्याचा फोन आला, खोली गार होत नाही. मी तणतणतच गेलो. माझं माप चुकत नाही! गॅस, जाळी, दाराच्या फटी, सगळं तपासलं. मशीन ठणठणीत, भिंती गार, फरशी गार. सहज पलंगाला हात लावला, तर मधोमध गादी उबदार लागली. चादरीवर एक सुरकुती नव्हती. खोटं कशाला बोलू, मी टरकलो.

"ती मधेच झोपायची," बायको दारातून म्हणाली. "अंग म्हणजे नुसती शेगडी. उकडतंय म्हणून हे तिला भिंतीकडे सरकवायचे."

"पुरे आता," नवरा म्हणाला.

"दीड टनाचा बसवून देतो," मी घाईघाईने म्हटलं. मला तिथून निघायचं होतं. "सगळी गरमी खेचून घेईल."

"सगळी?" नवऱ्याने विचारलं.

"सगळी."

तो पलंगाच्या कडेला बसला. माझा हात होता तिथे त्याने आपला तळवा टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही. बायको त्याच्याकडे बघत होती.

"राहू दे," तो शेवटी म्हणाला. "उकडलं तर उकडलं. आम्हा तिघांना चालेल."