पाळणाघराचं दार

पाळणाघराचं दार आता आतून काय नि बाहेरून काय, आईच्या फोनवरच्या अ‍ॅपनेच उघडायचं. संध्याकाळी आई धापा टाकत पोचली, तर अ‍ॅप अपडेट होत बसलेलं. काचेआड लेक नाक चपटं करून उभी.

“ताई, रोज बघता ना मला?”

“मी ओळखते हो, दाराने ओळखायला हवं!” पाळणाघराच्या ताई आतून ओरडल्या.

आईने कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “आमचं अ‍ॅप पसंत नसेल तर दुसऱ्या कंपनीचं घ्या.”

“ती कंपनी तुम्हीच विकत घेतलीत ना?”

“हो. तिथेही फोन मीच उचलते.”

लेकीने खालचा ओठ बाहेर काढला. भोंगा सुरू व्हायच्या आत ताईंनी स्वयंपाकघराची खिडकी उघडून तिला अलगद आईच्या कुशीत दिलं.

सकाळी अ‍ॅप सुरळीत चालू होतं, पण लेकीला काही केल्या आत घेईना. त्याच्या लेखी ती कालपासून आतच होती. आईची ऑफिसची वेळ टळत चाललेली. ती खिडकीकडे धावली, तर तिथे आधीच चार जणी आपापली पिल्लं कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या.