तुतूचे कच्चे टाके

मीरासाब शिंप्याच्या दुकानातून चाळीस वर्षांत एकही कपडा परत आला नव्हता. कोल्हापुरात महाराजांची कारकीर्द, नाटकमंडळ्यांचा सुकाळ. सोंग राजाचं असो की राणीचं, अंगरखा आणि चोळी मीरासाबच्याच सुईखालून जायची. त्याचा एक नेम होता. कपडा हातावेगळा करण्याआधी तो उजेडाकडे धरायचा आणि पक्की शिवण बसेपर्यंत घातलेले कच्चे टाके एकेक करून उपसून काढायचा. एखादा जरी राहिला तरी त्याला घास गोड लागत नसे.

एका सकाळी नव्या थिएटरचे व्यवस्थापक गणपतराव पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर तोलत आले. चालणं असं, की पाळण्यातलं लेकरूच उचलून आणलंय.

"चाचा, विलायती नाचाची मंडळी आलीया. आज दिवेलागणीला खेळ. रेल्वेत ट्रंक आपटली आन् पाठीची हुकं तुटली. त्यांची कपडंवाली मडम तापानं फणफणलीया. तेवढी हुकं बसवून द्या."

चादर सुटली. पांढऱ्याशुभ्र जाळीचे दहा-बारा थर कमरेपासून सरळ आडवे फुललेले, जशी परातीएवढी शेवंती. उंबऱ्यात वाकळ शिवत बसलेली खैरुनबी, मीरासाबची बायको, मान वर करून बघतच राहिली.

"अगं बया! झगा हाय का छत्री?"

"तुतू म्हणत्यात ह्याला," गणपतराव म्हणाले. "पायाच्या अंगठ्यावर उभी ऱ्हाऊन नाचत्यात ह्यात."

"ती नाचंल, पर बसायची कशी?"

गणपतराव हसत निघून गेले. मीरासाबनं तासाभरात हुकं बसवली. मग सवयीनं झगा उजेडाकडे धरला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. थराथरांतून लांब लांब, सैल धावते टाके गेलेले!

"बघ, बघ! विलायतेचा शिंपी, आन् कच्चं टाकं तसंच ठेवलंय. लाज न्हाय वाटत?"

त्यानं मोठ्या मायेनं एकेक धागा उपसला. शेवटचा धागा निघाला आणि शेवंती कोमेजली. वरचे थर खाली लोंबले, खालचे भलतीकडेच वळले. पावसात भिजलेल्या कोंबडीगत तुतू चौरंगावर बसला.

मीरासाबच्या तोंडचं पाणी पळालं. ते टाके विसरलेले नव्हते. थरांना एकमेकांच्या हातात हात देऊन उभं करणारे तेच होते. चाळीस वर्षांचं नाव, आणि आज भरल्या थिएटरात त्याचा असा चोळामोळा होणार!

त्यानं सुई घेतली, थर आवळून शिवले. जाळी चिमटली. उसवलं. पुन्हा शिवलं, पुन्हा चिमटली.

"आवळू नका," खैरुनबी उंबऱ्यातून म्हणाली.

"तू मला शिकवणार? वाकळवाली!"

"व्हय, वाकळवाली. चार लुगडी एकावर एक धरती मी. आवळली तर वाकळ लाकूड व्हती. सरका तिकडं."

मीरासाब सरकला. जन्मात पहिल्यांदा सरकला. खैरुनबीनं पितळी घागर उपडी घातली, तिच्या बुडावर तुतू उलटा ठेवला आणि थर पाकळीसारखे पसरले. जाळीत जुन्या सुईच्या खुणा शिल्लक होत्या. त्या हुडकत तिची सुई एका थरातून दुसऱ्यात उतरू लागली. दर टाक्याला बोटभर धागा सैल सुटत होता. ओठांवर आपसूक ओवी आली:

पहिला माझा टाका, माहेरच्या लुगड्याला,
धागा सोडिते मी ढिला, जीव राहू दे कापडाला.

चार वाजता गणपतराव आले तेव्हा शेवंती पुन्हा फुलली होती. "वा चाचा! अख्ख्या करवीरात असा हात न्हाय!" मीरासाबनं झगा चादरीत गुंडाळून त्यांच्या हातांवर ठेवला. खैरुनबीनं सुई वाकळीत खोचली आणि चुलीकडे गेली.

संध्याकाळी थिएटरात मीरासाब मागच्या बाकावर श्वास रोखून बसला. वाद्यं वाजली. नाचणारी पोरगी अंगठ्यावर उठली, गिरकी घेतली, दुसरी घेतली. तुतू तिच्याभोवती पाण्यावर तरंगावा तसा सपाट फिरत होता, एक पाकळी हलली नाही. लोकांनी टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मीरासाबला मात्र दिसत होता तो पितळी घागरीवर झुकलेला डोक्यावरचा पदर.

खेळ संपल्यावर त्याला आत बोलावणं आलं. ताप उतरलेली ती म्हातारी कपडेवाली मडम शाल पांघरून, तुतू उलटा करून चष्म्यातून टाके बघत होती. गणपतराव तिचं बोलणं सांगू लागले.

"त्या म्हणत्यात, त्यांच्या गुरुणीच्या काळी हा झगा पोटरीच्या खाली यायचा. पर पायाची करामत लोकांस्नी दिसंना. म्हणून पिढी-दर-पिढी वर वर चढत आता असा कमरेशी येऊन बसला."

"म्हंजे कापड कमी पडलं म्हणून न्हाय!" मीरासाब पुटपुटला.

"आन् त्या इचारत्यात, हे टाकं त्यांचं न्हाईत. त्यांच्यापरास हलकं हाईत. कुणाचा हात?" असं म्हणून गणपतरावांनी कौतुकानं मीरासाबच्या पाठीवर थाप मारली.

मीरासाबनं डोक्यावरची टोपी नीट केली. "मडमला सांगा, हुकं माझी. टाकं मी उसवलंतं, अक्कल चालवून. जोडलं ते माझ्या बायकूनं. खैरुनबी तिचं नाव. वाकळ शिवती."

गणपतरावांचा हात पाठीवरच राहिला. मडमनं सगळं ऐकून घेतलं आणि इतकी हसली की खोकला लागला. मग एवढंच म्हणाली, अजून पाच तुतू ढिले पडलेत, गाडी उद्या दुपारी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीरासाबच्या दुकानात पाच पांढऱ्या शेवंत्या फुलल्या होत्या. भुईवर चटई घालून एकीकडे मडम, दुसरीकडे खैरुनबी. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघींचं काहीबाही चाललं होतं. मडम बोट दाखवून धागा आवळायला सांगायची, खैरुनबी मान हलवून सैल सोडायची. शेवटी मडमनंच सैल सोडला. आणि गिऱ्हाइकाच्या गादीवर बसून मीरासाब दोघींना सुया ओवून देत होता.

"लांब घ्या की जरा धागा," खैरुनबी म्हणाली.

"घेतो," तो म्हणाला, आणि हातभर लांब घेतला.