निबियाच्या नावानं

सान एउसेबियोत माणसाची जाहीर स्तुती करायची वेळ ठरलेली आहे, आणि ती तो माणूस गेल्यानंतरची. जिवंतपणी त्याची टिंगल होते. तीही ऊठसूट नाही, फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या मांडवात, तोंडाला पांढरा रंग फासलेल्या पंधरा-सोळा जणांच्या गळ्यातून. या ताफ्याला इथे मुर्गा म्हणतात. कोंबड्याशी त्याचा काही संबंध नाही. आरवल्याशिवाय दोघांनाही राहवत नाही, इतकंच.

विल्मार एत्चेबेरी हा ‘उशिरा आलेली मंडळी’ या ताफ्याचा गीतकार. उभा जन्म पोस्टात शिक्के मारण्यात गेला आणि त्याच शिक्क्यांच्या तालावर त्याने गाणी जुळवली. आजवर त्याने कितीतरी महापौर, एक बिशप, पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर आणि स्वतःचा व्याही यांची भर मांडवात सालटी काढली होती. राग फक्त व्याह्याने धरला, पण तो तसाही निमित्ताच्या शोधात होता.

मध्ये मात्र दिवस फिरले. तरुण गळे नोकरीसाठी राजधानीला, मॉन्तेविदेओला गेले. मोठ्या ढोलाचं कातडं फाटलं. ज्या क्लबात तालीम चालायची त्याचं छप्पर इतकं गळू लागलं, की पावसात बाहेर उभं राहणं जास्त कोरडं पडे. दोन कार्निव्हल मुके गेले. ताफा बंद पडल्यावर गावकरी एकमेकांची टिंगल घरच्या घरी करू लागले, आणि दोन भावांमध्ये कुंपण घातलं गेलं.

तेव्हा निबिया लारोसा मदतीला आली. ही औषधवाल्या लारोसाची मुलगी. आधी शाळेत संगीत शिकवायची, मग नगरपालिकेत संस्कृती खात्याची प्रमुख झाली. गावातल्या कलांना अनुदान मिळावं म्हणून ती तीन वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हिंडत होती. रस्त्यात कुणी विचारलं, “काय झालं गं?” तर हाताने हवेत ताल धरून म्हणायची, “प्रक्रिया सुरू आहे.”

आणि एक दिवस अनुदान खरंच आलं. नवा ढोल आला, पोशाखांना कापड आलं, क्लबावर छप्पर चढलं, शनिवारी पोरांना ढोल शिकवायला मास्तर आला. बदल्यात अट कसलीच नव्हती, आणि विल्मारची सगळी अडचण तीच होती. अट असती तर त्याने अटीवरच गाणं केलं असतं.

“चार दिवस झाले, वही कोरी,” तो आर्तिगासला म्हणाला. आर्तिगास न्हावी होता आणि ताफ्याचं गाणं बसवायचा. दोघे अंगणात माते, म्हणजे इथला कडू पाल्याचा चहा, नळीने पीत बसले होते.

“नगरपालिकेवर लिही की. दरवर्षी लिहितोस.”

“नगरपालिका म्हणजे आता निबिया. तिनेच छप्पर घातलं आणि तिच्याच डोक्यावर मिरी वाटायची?”

“मग नको लिहूस.”

“नाही लिहिलं तर लोक म्हणतील, मंडळी विकली गेली.”

आर्तिगासने नळीतून शेवटचा घोट ओढला. “तू पोस्टातच बरा होतास, लेका. तिथे शिक्का कुठे मारायचा ते छापलेलं असायचं.”

शेवटी विल्मारने ती चूक केली, जी भल्या माणसाच्याच हातून होते. त्याने निबियाचे आभार मानणारं गाणं लिहिलं. सरळ, सालस, कुठेही काटा नाही. लिहिताना त्याचे डोळेही पाणावले.

संध्याकाळच्या तालमीला आळीतली माणसं नेहमीसारखी घरून खुर्च्या घेऊन आली. काखेत थर्मास, मांडीवर तळलेल्या पुऱ्या. पहिली दोन गाणी झाली, लोक हसले. मग ताफ्याने टोप्या छातीशी धरल्या आणि आभाराचं गाणं सुरू केलं. निबियाचा चांगुलपणा, निबियाची तळमळ, निबियाचं गावावरचं प्रेम. लोकांचं चघळणं थांबलं. कुणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. गाणं संपल्यावर टाळी पडली नाही, आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सेनोबियाआजीने हळूच विचारलं, “कधी गेली गं?”

ताफ्याचे पोशाख शिवणारी ओलिंदा तोंडात टाचण्या धरून मागे उभी होती. तिने टाचण्या काढल्या आणि विल्मारला म्हणाली, “अभिनंदन. धडधाकट बाई पुरलीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निबियाच्या आईच्या दारात फुलं आली. बेकरीवाल्याने निबियाकडून पावाचे पैसे घेतले नाहीत आणि वर तिचा हात दाबला. दुपारपर्यंत गावात दोन तट पडले. एक म्हणे, तिला कसलंसं दुखणं झालंय. दुसरा म्हणे, दुखणं नाही, ती महापौरपदाला उभी राहणार आहे, ताफा तिने आधीच खिशात घातलाय. महापौरांनी या दोन्हींतलं दुसरंच उचललं.

तिसऱ्या प्रहरी निबिया विल्मारच्या अंगणात येऊन थडकली. उभ्याउभ्याच बोलू लागली. “काका, माझ्या हातून तुमचं काय वाकडं झालं?”

“अगं, मी तर तुझं कौतुक...”

“तेच म्हणतेय मी. शुक्रवारी नगरपालिकेची परिषद बसतेय. पुढच्या वर्षी अनुदान ठेवायचं की मोडायचं, ते ठरणार आहे. कालपर्यंत सगळे हो म्हणत होते. आज म्हणतात, हे कलेला अनुदान नाही, ही लारोसाबाईच्या जाहिरातीची सोय आहे. पोरांचा ढोलाचा वर्ग जाईल, काका. माझी खुर्चीही जाईल, पण तिला एक पाय तसाही आखूडच आहे.”

विल्मारने मातेचं भांडं तिच्या हातात दिलं. दुसरं काय द्यावं, त्याला सुचेना.

“कार्निव्हल गुरुवारी आहे,” ती म्हणाली. “माझी टिंगल करा. चांगली, सणसणीत. नावानं शिमगा करा माझ्या.”

“तुझ्यात टिंगल करण्यासारखं काही सापडत नाही, हीच तर पंचाईत आहे.”

“सापडत नाही?” निबियाला हे फार लागलं. ती खाली बसली आणि स्वतःचा एकेक दोष बाहेर काढू लागली, जशी बाई शेजारणीला कपाटातल्या साड्या दाखवते. बसस्थानकाच्या मुताऱ्यांचं उद्घाटन तिने दोनदा केलं होतं, कारण पहिल्यांदा फोटोवाला आला नव्हता. एका समारंभात कात्रीने फीत कापली जाईना, तेव्हा तिने फीत दातांनी तोडली होती. “आणि माझं लग्न झालं नाही, ते घाला. गाव बोलतंच.”

“ते नाही,” विल्मार म्हणाला. “ताफ्याने माणसाच्या खुर्चीची टिंगल करायची, उशीची नाही.”

निबियाने उरलेला घोट संपवला. मातेचं भांडं तिने परत दिलं. “मग बघा बाई तुमचं तुम्हीच. जमेल ना गुरुवारपर्यंत?”

विल्मार काही बोलणार, तोच तिने सवयीने हवेत ताल धरला आणि स्वतःच उत्तर देऊन टाकलं, “की प्रक्रिया सुरू आहे?”

विल्मारने तिच्या त्या हाताकडे पाहिलं. मग आत जाऊन वही आणली. “तू आता घरी जा,” तो म्हणाला. “आणि हसू नकोस वाटेत. दुखणाईत आहेस.”

गुरुवारी मांडव भरला. सॉसेजच्या धुरात अर्धा गाव आणि बाकावर अख्खी परिषद. निबिया आईला घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. येणारा जाणारा तिच्याकडे पाहून उगाच मान हलवत होता. दिवेलागणीला नवा ढोल घुमला, ताफा चढला, आणि ओलिंदाने शिवलेल्या पोशाखांतून पंधरा जणांनी एकदमच उजवा हात वर करून हवेत ताल धरला. निबियाचा ताल, हुबेहूब, मनगटाच्या त्या शेवटच्या झटक्यासकट.

गाण्याआधीच लोक हसू लागले. मग एक बाजू विचारू लागली, दुसरी उत्तर देऊ लागली:

छप्पर कधी? प्रक्रिया सुरू आहे.
ढोल कधी? प्रक्रिया सुरू आहे.
पाऊस म्हणाला, बाई, मी आलो,
बाई म्हणाली, रांगेत राहा,
प्रक्रिया सुरू आहे.

मुताऱ्या आल्या, कात्री आली, दातही आले. तिसऱ्या कडव्याला गावच उत्तर देऊ लागलं. परिषदेचा जाडा खजिनदार मांडी बडवत होता. निबियाची आई इतकी हसली की तिचा थर्मास लवंडला. निबिया मात्र ताठ बसून होती, आणि विल्मार पडद्याआडून तिच्याकडे पाहत घामाने निथळत होता. मग शेवटचं कडवं आलं, ज्यासाठी त्याने सगळ्यात जास्त खोडाखोड केली होती:

तीन वर्षांनी छप्पर आलं, गळायचंही विसरलं,
तालीम चुकवायला आता कारणसुद्धा नाही उरलं.

आता निबियाने रुमाल काढला. हसत होती की रडत होती, हे तिच्या शेजाऱ्यालाही सांगता आलं नसतं. सेनोबियाआजीने मागून तिला काठीने ढोसलं. “जिवंत आहेस तर. फुलं परत दे.”

शुक्रवारी सकाळी बेकरीवाल्याने निबियाकडून पावाचे पूर्ण पैसे घेतले, पाव मात्र दिला नाही. “बाई, भट्टीत आहे. प्रक्रिया सुरू आहे.” मागची रांग खदखदली. निबिया दिवसभर आनंदात होती. दुपारी परिषद बसली आणि अनुदानाचा विषय कुणी काढलाच नाही. सान एउसेबियोत ज्या गोष्टीवर चर्चा होत नाही, ती मंजूर झाली असं धरतात.

शनिवारी क्लबात पोरं नवा ढोल बडवत होती आणि विल्मार छपराखाली खुर्ची टाकून त्या गोंगाटात डुलक्या घेत होता. तेवढ्यात महापौरांचा सचिव आला. टाय लावून, रुमालाने मान पुसत. पोरांचा ढोल थांबेपर्यंत तो ताटकळला, आणि मग खाली वाकून कुजबुजला.

“साहेबांनी विचारलंय, परवाच्या कार्यक्रमात त्यांच्यावर एक ओळसुद्धा कशी नव्हती?”

“रागावलेत?”

“जेवले नाहीत. म्हणतात, आपण इतकं काम केलं, आणि एका मुतारीइतकीही आपली दखल नाही. पुढच्या वर्षी अनुदान थोडं वाढवायचंही त्यांच्या मनात आहे. फक्त एक कडवं मिळेल का?”

विल्मारने डोळे पूर्ण उघडले नाहीत. उजवा हात तेवढा वर केला आणि हवेत ताल धरला.

“सांगा त्यांना,” तो म्हणाला, “प्रक्रिया सुरू आहे.”