रहीम उस्ताचा जावई

चाकूंसाठी इराणभर नावाजलेल्या झंजानमध्ये राहून बोथट चाकू खिशात बाळगायचा म्हणजे शोभा करून घेणंच. यदुल्लाची आठवडाभर तीच गत झाली होती. रेल्वेतून निवृत्त होताना मित्रांनी त्याला खिशात मावणारा, घडीचा स्टेनलेसचा चाकू दिला होता. त्यानं हौसेनं धारेचे दोन दगड आणले, एक खरबरीत आणि एक मऊ. रोज सकाळी अंगणात बसून तो घासघास घासायचा, पण चाकूनं टोमॅटो चिरायचा म्हटलं की टोमॅटोचा लगदा व्हायचा.

"चटणी छान होतेय हो," बायको गोहर म्हणायची.

त्यात तब्रीझहून शुक्रवारी मेव्हणा बैरामअली येणार होता. यदुल्लानं त्याला फोनवर सांगून टाकलं होतं, "ये तर खरा, कागद उभा कापून दाखवतो!"

बुधवारी तो गुपचूप बाजारातल्या जुन्या चाकू-कारागिराकडे, जुल्फअली उस्तांकडे गेला. म्हाताऱ्यानं पात्यावरून अंगठा फिरवला आणि चाकू मिटून परत दिला.

"रहीम उस्ताचा जावई ना तू? मग माझ्याकडे कशाला आलास? त्याच्या दुकानातल्या निम्म्या चाकूंना तुझी बायको धार लावायची. अशी बोटं आख्ख्या बाजारात नव्हती."

सासरे चाकू बनवायचे हे यदुल्लाला ठाऊक होतं. पण घरातल्या सुऱ्या तीस वर्षांत कधी बोथट झाल्या नाहीत, त्या का, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं विचारलं, तर गोहर ओढणीचा पदर तोंडाशी धरून हसत सुटली.

"बोलले असते तर गल्लीतल्या साऱ्या सुऱ्या माझ्या दारात येऊन पडल्या असत्या! तुम्ही कामावर गेलात की मी आपली दगड काढायचे."

"आणि हा आठवडाभर माझा तमाशा बघत बसलीस?"

"तुम्ही कुठं विचारलंत?"

मग तिनं दगड पाण्यात भिजत घातले आणि त्याचं मनगट धरलं. "पातं इतकं उभं नका धरू. पाठीखाली काडेपेटीची काडी जाईल एवढीच फट ठेवा. एका बाजूला घासलंत की दुसऱ्या बाजूला बारीक काठ वळतो, बोटाला खरखरीत लागतो. स्टेनलेसचा तो काठ फार चिवट. जोर केलात की नुसता इकडून तिकडे वळतो. शेवटी मऊ दगडावर, अगदी हलक्या हातानं."

गुरुवारी दिवसभर यदुल्ला एकटाच बसला. तिसऱ्या प्रहरी टोमॅटोची चकती इतकी पातळ निघाली की तिच्यातून ताटावरची नक्षी दिसली. त्यानं ती चकती शेजारणीलाही दाखवून आणली.

शुक्रवारी बैरामअलीनं कागद कापला जाताना पाहिला आणि बहिणीकडे वळला. "बाजी, धार तू लावलीस ना?"

"मी चाकूला हातही लावला नाही."

"शक्यच नाही! दाजी, हा माझा घ्या. माझ्यासमोर लावून दाखवा."

पुलाव निवत होता. गोहर दोनदा ओरडली, पण यदुल्ला मान खाली घालून घासत राहिला. तासाभरानं त्यानं चाकू पुसून मेव्हण्याला दिला. बैरामअलीनं तो मनगटावरून हलकेच फिरवला. बोटभर केस साफ! तो गुळगुळीत पट्टा त्यानं बहिणीपुढे धरला.

"आता तरी जेवा," गोहर म्हणाली आणि नवऱ्याच्या ताटात सगळ्यांना हवासा असलेला तळाचा खरपूस भात जरा जास्तच वाढला.