बेचाळीस धडे

प्रियदर्शिनीला जन्मापासून दिसत नाही. वरंधच्या वर, घाटाच्या अंगाला त्यांची वाडी. तिथूनच ती बाहेरून बी.ए. करत होती. वाडीतल्या शाळेच्या उज्वला मॅडमनी इतिहासाचे बेचाळीस धडे तिच्या फोनवर वाचून रेकॉर्ड करून दिले होते. त्यात मध्येच कोंबडा आरवायचा, पण मॅडम थांबलेल्या नव्हत्या.

परीक्षेला बारा दिवस असताना मुंबईहून धाकटा भाऊ धम्मपाल नवा फोन घेऊन आला. "सगळं सिंक केलंय ताई, टेन्शन नको घेऊस," म्हणाला, आणि जुना फोन घेऊन गेला. मुंबईत त्याने त्यातलं सगळं पुसून तो एका मित्राला देऊनही टाकला.

नवा फोन धड्यांची नावं बरोबर वाचून दाखवायचा. उघडायला गेलं की मात्र एकच वाक्य : फाइल उघडता आली नाही. टेकाडावर चढलं की अर्धा मिनिट मॅडमचा आवाज यायचा आणि शब्दाच्या मध्येच तुटायचा. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तिचे वडील, भिकाजी, तिला महाडला मोबाइलच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदाराने फोन हातात घेतला. फोन बोलू लागला तसा तो वैतागला. "हे काय सारखं बडबडतंय?" म्हणत त्याने तो आवाजच बंद करून टाकला. मग एक धडा लावला. तो लगेच वाजला.

"वाजतोय की," तो भिकाजींना म्हणाला. "फोनला काही झालेलं नाही. यांना कळत नसेल."

"माझ्याशी बोला," प्रियदर्शिनी म्हणाली. "फोन माझा आहे."

दुकानदार परत भिकाजींकडेच वळला. "बाबा, यांना बटनांचा फोन घ्या. कार्डात गाणी भरून देतो. हा रिसेट करून ठेवतो, घरात कोणीतरी वापरेल."

तिने काउंटरवर हात फिरवला, त्याच्या बोटांखालून फोन ओढून घेतला. आवाजाची दोन्ही बटनं एकदम दाबून धरली. फोन पुन्हा बोलायला लागला.

"इथे वाजतो, घरी वाजत नाही. म्हणजे धडे फोनमध्ये नाहीतच, नुसती नावं आहेत. नेटवर्क असलं की वरून येतात. मला ते फोनमध्ये उतरवून पाहिजेत."

"एकेक करत बसावं लागेल," दुकानदार म्हणाला. "मला एवढा वेळ नाही."

"मला आहे."

ती बापाचा हात धरून एसटी स्टँडवर आली. बाकड्यावर बसून फोन कानाशी धरला आणि पहिल्या धड्यापासून उतरवायला सुरुवात केली. बोट फिरवायचं, ऐकायचं, दोनदा टेकवायचं, थांबायचं. कधी उतरता उतरता अडायचं, मग तोच धडा पुन्हा.

"गाडी लागली गो," भिकाजी म्हणाले. "चल."

"तेवीस झालेत बाबा."

"ही चुकली तर बिरवाडीपर्यंतच मिळंल. पुढं काय नाय."

"तुम्ही जा. मी येते मागनं."

भिकाजी उठले, दोन पावलं गेले. गाडी सुटल्याचा आवाज तिने ऐकला. मग बाकडं हललं. बाप शेजारी बसला होता.

"चहा घेतेस?" त्यांनी विचारलं.

बेचाळीस पुरे झाल्यावर तिने फोनचं नेटवर्क बंद केलं आणि प्रत्येक धडा थोडाथोडा लावून पाहिला. एकोणतिसावा मुका होता. नेटवर्क चालू करून तो परत उतरवला. तेव्हा कुठे तिने धम्मपालला फोन लावला.

"यापुढं माझ्या फोनला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"अगं, मी तुझ्या चांगल्यासाठीच केलं ना."

"माहीत आहे. तरी विचारायचं."

तो मग "बरं" म्हणाला.

बिरवाडीला गाडीतून उतरल्यावर पुढे जाणारी मिनिडोर रिक्षा मिळाली, तेव्हा परीक्षेला आठ दिवस उरले होते. आत गाणी जोरात लागली होती. प्रियदर्शिनीने पहिला धडा लावला, काही ऐकू येईना. तिने ड्रायव्हरच्या पाठीवर टकटक केलं.

"गाणी बारीक करा. मला अभ्यास करायचाय."

भिकाजी घसा खाकरून म्हणाले, "परीक्षा हाय तिची."

ड्रायव्हरने गाणी बंदच केली.