नदीपलीकडची कोंबडी

लशीच्या बाटलीत पाणी मिसळलं की दोन तास. त्यानंतर त्या औषधात आणि नदीच्या पाण्यात काही फरक राहत नाही. नामाल्वानं सकाळी सातला, सगळ्यांच्या देखत बाटली उघडली होती. आता आठ वाजून गेले तरी रांगेतल्या साठ-सत्तर कोंबड्या अजून डालग्यांतून कलकलत होत्या.

"उलटी कशाला टांगलीस रे तिला?" ती रांगेतल्या सिफुनावर खेकसली. "बाजारात विकायला आणलीस का? मान धर. अशी."

"सकाळपासून तिसऱ्यांदा टोचलंय मला तिनं."

"मग ओळखते ती तुला."

रांग हसली. डोळ्यात एक थेंब पडला, कोंबडीनं पापणी मिटली, झालं काम. पाच शिलिंग डब्यात. पुढची.

नामाल्वा चेष्टा करत होती खरी, पण तिचं अर्धं लक्ष नदीकडून येणाऱ्या पायवाटेवर होतं. पलीकडच्या सियोया गावात आठ दिवसांपूर्वी मानमोडी शिरली होती. आधी कोंबडी दाणा सोडते, मग हिरवं हगते, मग तिची मान पिळल्यासारखी वाकडी होते, आणि चार दिवसांत खुराडं रिकामं. इकडे आज थेंब टाकला तरी तो अंगी लागायला चौदा दिवस जातात. तेवढ्यात पलीकडचं एक पीस जरी गावात आलं, तरी सगळं मुसळ केरात. म्हणून तिनं दारोदार फिरून बजावलं होतं, थेंब टाकून चौदा दिवस होईपर्यंत पलीकडची कोंबडी इकडे आणायची नाही आणि इकडच्या कुणी पलीकडे जायचं नाही. हा रोग पायाच्या चिखलातूनही येतो.

सांगायला काय जातं! पण हे बुकुसू जमातीचं गाव. इथं पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही आणि रिकाम्या हातानं जातही नाही, काखेत जिवंत कोंबडी हवीच. ती नाकारणं म्हणजे आलेल्याच्या तोंडावर थुंकणं. चार दिवसांपूर्वी म्हाताऱ्या रेबेकाचा भाऊ पलीकडून अशीच एक घेऊन आला, तेव्हा नामाल्वानं म्हातारीच्या अंगणात उभं राहून ती मारायला लावली आणि कंबरभर खड्ड्यात पुरायला लावली. रेबेका ही सगळ्या गावाची कुखु, म्हणजे आजी. त्या दिवसापासून कुखु तिच्याशी बोललेली नव्हती. आजही तीन कोंबड्या घेऊन, ओठ घट्ट मिटून रांगेत उभी होती.

"एवढ्याशा थेंबाचे पाच शिलिंग!" मागून कुणीतरी कुरकुरलं. "फुकट द्यायला काय होतं गं?"

"फुकटवाले येऊन गेले की एकदा," नामाल्वा मान वर न करता म्हणाली. "फोटो काढले, टोप्या वाटल्या, गेले. परत दिसले कुणाला? मला पाच शिलिंग मिळतात म्हणून मी दर चार महिन्यांनी इथं उभी असते. तुमच्यावर उपकार करायला नाही आले मी."

हे तिचं पाठ केलेलं भाषण नव्हतं, तिचा अनुभवच तसा होता. बुंगोमा शहरातल्या एका लहानशा कंपनीनं तिला आठवडाभर शिकवलं, थंड राहणारा डबा दिला आणि बाटल्या घाऊक भावानं द्यायला सुरुवात केली. दया दाखवली नाही, धंदा दिला. त्याआधी ती दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची. आता चार गावं तिची वाट बघतात. पण धंद्यापेक्षाही एक गोष्ट तिच्या काळजात रुतून बसली होती. तीन वर्षांपूर्वी मानमोडीनं हे गाव धुऊन नेलं. गरिबाच्या घरी कोंबडी म्हणजे वह्या, गणवेश, दवाखान्याला जायचं भाडं. नामाल्वाच्या एकोणीस मेल्या, आणि तिच्या मुलीची, नासांबूची, हायस्कूलची फी त्यांच्याबरोबरच मातीत गेली. हुशार पोर घरी बसली आणि वर्षभरात लग्न होऊन सियोयाला गेली. तेव्हा हा थेंब असता तर? हा प्रश्न नामाल्वाला अजून झोपू देत नसे.

तेवढ्यात पायवाटेवरून आनंदाची किलकारी आली.

नवा डोईरुमाल बांधून, धापा टाकत येत होती नेरिया. नासांबूची सासू, म्हणजे नामाल्वाची विहीण. एक हात वर केलेला आणि दुसऱ्या काखेत पांढरी कोंबडी.

"मुलगी झाली! काल संध्याकाळी! आजी झालात, विहीणबाई!"

रांगेतल्या बायकांनी तोंडावर हात नेऊन एकच किलकारी ठोकली. नामाल्वाच्या छातीत आनंद मावेना. ती दोन पावलं पुढे गेलीसुद्धा, आणि तिची नजर काखेतल्या कोंबडीवर गेली. डोळे अर्धे मिटलेले, पिसं फुगलेली, शेपटीखाली हिरवट ओल.

"तिथंच थांबा, विहीणबाई!"

किलकारी तोंडातल्या तोंडात राहिली. नेरिया पंधरा-वीस पावलांवर थबकली.

"काय म्हणालात?"

"पुढे येऊ नका. पाया पडते. ती कोंबडी इकडे आणू नका."

"नातीची कोंबडी आहे ही," नेरिया हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "सोयऱ्यांच्या घरी पोर झाल्याचं सांगायला मी काय हात हलवत येऊ?"

"आजारी आहे ती."

नेरियाचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. "आजारी? एवढ्या लोकांत माझं नाक कापतेस? चार थेंब टाकायला शिकलीस तर डॉक्टरीण झालीस होय गं? तुझी पोर माझ्या घरात नांदते, हे विसरू नकोस. आज ही कोंबडी परत गेली, तर उद्या माझ्या चुलीपाशी तिची किंमत काय राहील, याचा विचार कर."

बाळंतीण पोर, पहिल्या दिवसाची, आणि तिचं अंथरूण या बाईच्या हातात. मागून सिफुना हळूच म्हणाला, "घे ना गं. सोयरिकीचा मामला आहे. घे आणि मागच्या बाजूला बांधून ठेव. आम्ही कुणी काही म्हणणार नाही."

दोघी-तिघींनी माना डोलावल्या. तेवढ्यात चार दिवसांचं मौन फुटलं.

"मी म्हणेन," कुखु रेबेका म्हणाली. "माझ्या भावाची कोंबडी पुरायला लावलीस. आणि आता विहीण आली, तर मागच्या बाजूला बांधायची? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?"

औषधाच्या बाटलीभोवतीचा बर्फ अर्धा वितळला होता. नामाल्वानं कोंबडी घेतली असती तर रांगेतला प्रत्येक जण आपापलं डालगं उचलून घरी गेला असता, आणि पुन्हा कधी तिच्या शब्दावर एक पीससुद्धा बाहेर काढलं नसतं. आणि नाही घेतली, तर नासांबू.

"नाही घेत मी," नामाल्वा म्हणाली. "माझ्यावर काय तो राग काढा, विहीणबाई. पोरीवर काढू नका."

"धडधाकट आहे ती!" नेरिया ओरडली. "डोळे फुटलेत का सगळ्यांचे? हे बघा!"

तिनं कोंबडी पायवाटेवर ठेवली. कोंबडी दोन पावलं चालली, थांबली. मग तिची मान हळूहळू मागे वळली, चोच आभाळाकडे झाली आणि ती कुशीवर कलंडून पाय झाडायला लागली.

बाळाच्या कोंबडीनं असं वाटेत पडावं, केवढा अपशकुन! एका बाईनं तोंडात बोटं घातली. सिफुनानं आपल्या कोंबड्या ओढून मागे नेल्या. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं नामाल्वाला तिळभरही समाधान वाटलं नाही.

नेरिया त्या पिसांच्या ढिगाकडे बघत राहिली, आणि एकदम खाली बसली.

"बावीस होत्या माझ्या," ती म्हणाली. "आठ दिवसांत एकवीस गेल्या. ही एकच उरली होती गं. रिकाम्या हातानं कशी येऊ?"

नामाल्वाला धावत जाऊन तिला मिठीत घ्यावंसं वाटलं. पाऊल उचललंही होतं, पण मागे साठ कोंबड्या होत्या आणि तिचेच हात त्यांना लागणार होते. ती जागच्या जागी उभी राहिली. आयुष्यात कुठल्याही कामाचा तिला एवढा राग आला नव्हता.

"नात कशी आहे हो?" तिनं लांबूनच विचारलं.

"काळी, नाकेली. रडायला लागली की थांबत नाही."

"नाव काय ठेवलंत?"

"दोन्ही आज्या बसल्याशिवाय नाव ठेवतात का कधी?" नेरियानं डोईरुमालाच्या टोकानं नाक पुसलं. "म्हणून तर तुला न्यायला आले होते."

"चौदा दिवस मला नदी ओलांडता येणार नाही."

नेरियानं तिच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे, मग त्या डालग्यांकडे. मग उठून तिनं कोंबडी पायांना धरून उचलली.

"इथं नको. माझ्या बाजूला नेऊन पुरते." चार पावलं गेल्यावर ती वळली. "चौदा दिवस राहील बिननावाची. सांगते नासांबूला."

ती नदीकडे उतरून दिसेनाशी झाली. मग कुखु रेबेकानं आपली पहिली कोंबडी मानेला नीट धरून पुढे केली.

"अर्धा तास राहिलाय तुझ्या औषधाला. टाक."

पहिला थेंब चुकून चोचीवर पडला. नामाल्वाला समोरचं धड दिसत नव्हतं, आणि डोळे पुसायचीही सोय नव्हती, बोटांना औषध लागलेलं होतं.